अकरापट, पाचपट की चारपट? मल्टिथ्रेडिंगचे आकडे कसे वाचावेत

(कासारवाडी इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

कासारवाडीत व्याख्यान द्यायचं म्हणजे मध्ये मध्ये लोकलसाठी थांबावं लागतं, हे आता आमच्या अंगवळणी पडलं आहे. ध्वनिमुद्रणात तो आवाज येईल, ऐकणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मागच्या वेळी आपण पुरावा म्हणजे काय, यावर बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर एक तरुण भेटायला थांबला. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा. भोसरी एमआयडीसीत त्यांचं छोटं टूलरूम आहे, ओतकामाचे साचे बनवतात. साच्यात धातू कसा भरेल, कुठे आधी थंड होईल, हे साचा कापण्याआधी संगणकावर बघून घ्यायचं, हे या मुलाचं काम. त्यासाठीचा प्रोग्रॅम त्याने स्वतःच लिहिलेला. त्याने आमच्या हातात एक कोटेशन ठेवलं. नवा संगणक, १६ कोअर, ३२ थ्रेड, आणि खाली ठळक अक्षरांत : तुमचं काम ११ पट वेगात.

म्हणाला, "सर, बाबा कर्ज काढायला निघालेत. हा आकडा खरा आहे का, एवढंच सांगा."

आम्ही म्हटलं, "आकडा खरा असेलही. पण तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, ते आधी बघू."

आजचं व्याख्यान त्या कागदावर आहे. तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरांचा संगणकाशी काय संबंध? संबंध एवढाच, की मोजलेल्या आकड्यावरून निष्कर्ष काढणं हे अनुमान आहे, आणि अनुमान कुठे घसरतं हे शिकवण्यात आमचं आयुष्य गेलं. संगणकाचं जे कळत नव्हतं, ते त्या मुलाकडून शिकून घेतलं. आकडे त्याच्या परवानगीने सांगतो आहोत, फळ्यावर मांडायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केलेले.

आधी शब्द समजून घेऊ

प्रोग्रॅम म्हणजे सूचनांची यादी. ती एकाच कारागिराने वरपासून खालपर्यंत केली, तर एक थ्रेड. यादीतली कामं आठ कारागिरांना वाटून दिली, तर आठ थ्रेड. कोअर म्हणजे प्रत्यक्ष काम करणारं यंत्र, समजा लेथ. सगळे कारागीर एकाच शेडमध्ये आहेत, एकच स्टोअर वापरतात, एकाच फळ्यावर हिशेब लिहितात. मल्टिथ्रेडिंगचं सगळं सुख आणि सगळं दुःख या सामायिक शेडमध्ये आहे.

आणि 'इतके पट वेगवान' म्हणजे काय? भागाकार. आधी लागणारा वेळ वर, आता लागणारा वेळ खाली. २०० मिनिटांचं काम ४० मिनिटांत झालं, तर पाचपट. इतकं साधं. पण भागाकारात दोन संख्या असतात आणि कोटेशनवर छापलेली असते एकच.

एकच मोजणी, तीन उत्तरं

विक्रेत्याने लबाडी केली नव्हती, हे आधी सांगतो. त्याने यंत्र दोन दिवस वापरून बघायला दिलं होतं. या मुलाच्या जुन्या संगणकावर एका थ्रेडने काम व्हायला ४४० मिनिटं लागत. नव्यावर १६ थ्रेडने ४० मिनिटं. ४४० भागिले ४०, अकरा. हिशेब बरोबर.

आम्ही त्याला सांगितलं, नव्या यंत्रावर एकच थ्रेड लावून बघ. त्याने बघितलं, २०० मिनिटं. म्हणजे ४४० वरून २०० वर आपण निव्वळ यंत्र नवं म्हणून आलो, थ्रेडचा तिथे संबंध नाही. हा भाग २.२ पट. २०० वरून ४० हे थ्रेडचं कर्तृत्व, तो भाग पाचपट. २.२ गुणिले ५, झाले ११.

मग विचारलं, थ्रेड घालण्याआधीचा तुझा साधा प्रोग्रॅम जपून ठेवला आहेस का? ठेवला होता. तो त्याच नव्या यंत्रावर, त्याच कंपायलरने, त्याच सेटिंगने चालवला. १६० मिनिटं! कारण थ्रेडसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमला कामाची वाटणी, कुलपं, एकमेकांसाठी थांबणं हा संसार सोबत न्यावा लागतो. कारागीर एकटा असला तरी. तेव्हा प्रामाणिक तुलना १६० शी. १६० भागिले ४०, चार.

अकरा, पाच, चार. तिन्ही खरे. पण प्रश्न तीन वेगळे आहेत. 'जुनं यंत्र टाकून हे घेतलं आणि सगळे थ्रेड लावले, तर मला काय मिळेल?' याचं उत्तर अकरा. 'याच प्रोग्रॅममध्ये एकाऐवजी सोळा थ्रेड लावले तर?' पाच. 'मल्टिथ्रेडिंगसाठी जे कष्ट घेतले, त्याचं फळ किती?' चार. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली छापलं, की खऱ्या आकड्यातून खोटा निष्कर्ष निघतो.

हे दुखणं जुनं आहे. १९९१ साली पुण्यात सी-डॅकने 'परम ८०००' हा समांतर महासंगणक उभा केला. संस्था १९८८ ची, नेतृत्व डॉ. विजय भटकरांचं, आपल्याकडे त्या वर्षी अभिमानाचं वातावरण होतं. त्याच वर्षी अमेरिकेत नासाच्या एम्स केंद्रातले गणितज्ञ डेव्हिड बेली यांनी एक उपरोधिक लेख लिहिला : समांतर संगणकाचे आकडे देऊन लोकांना फसवण्याचे बारा मार्ग. त्यातला एक मार्ग असा, की तुलना करायचीच वेळ आली तर जुन्या प्रोग्रॅमशी आणि कालबाह्य यंत्राशी करा. तीस वर्षं उलटून गेली, आमच्यापुढच्या कोटेशनवर तोच मार्ग होता. फरक एवढाच, की इथे कुणी मुद्दाम फसवत नव्हतं. आपल्याला हवा तो आकडा दिसला, की आपण पुढे विचारत नाही.

घड्याळ कोणतं?

भागाकाराच्या आधी मोजणी येते, आणि तिथेही दोन घड्याळं आहेत. आठ कारागिरांनी एक तास काम केलं. भिंतीवरच्या घड्याळात एक तास झाला. हजेरीपटावर आठ तासांची मजुरी लागली. संगणकातही असंच : एक भिंतीवरचा वेळ, दुसरा सगळ्या कोअरच्या श्रमांची बेरीज. सी भाषेतलं 'क्लॉक' हे फंक्शन लिनक्सवर हजेरीपट मोजतं. नवखी मुलं ते वापरतात आणि येऊन सांगतात, "सर, थ्रेड वाढवले तरी वेळ कमीच होत नाही." वेळ कमी झालेला असतो, बघितलेला असतो हजेरीपट. गिऱ्हाइकाला साचा कधी मिळणार हे भिंतीवरचं घड्याळ सांगतं. विजेचं बिल आणि यंत्राची झीज हजेरीपटाच्या जवळ जातात. दोन्ही मोजावेत, पण मिसळू नयेत.

दुसरं, एकदाच मोजू नये. पहिल्या फेरीत फाईल डिस्कवरून आणावी लागते, नंतर ती मेमरीत तयार असते. मध्येच अँटिव्हायरस जागा होतो. प्रोसेसर तापला की आपला वेग स्वतःच कमी करतो. म्हणून दहा वेळा मोजा, मधला आकडा घ्या, आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त किती हेही लिहा. दहा फेऱ्यांत पाच मिनिटांचा फरक पडत असेल, तर दोन मिनिटांच्या सुधारणेवर पेढे वाटू नयेत.

आणखी एक गंमत. आजचे प्रोसेसर एकच कोअर कामावर असेल, तर त्याला जास्त वेगाने पळवतात. सगळे कामाला लागले, की प्रत्येकाचा वेग थोडा उतरवतात. त्यामुळे एका थ्रेडची वेळ जरा जास्तच चांगली दिसते आणि थ्रेडची वाढ आहे त्याहून कमी भासते. चूक नेहमी आपल्या फायद्याचीच होते असं नाही, हे लक्षात असू द्यावं.

अग्नी, धूर आणि ओलं जळण

आता आमचं शास्त्र. न्यायदर्शनात 'उपाधी' नावाची कल्पना आहे. धूर दिसला तर अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. उलटं करून बघा : जिथे अग्नी तिथे धूर. बरोबर? नाही. नैयायिकांचं उदाहरण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचं आहे. चाकणच्या फोर्जिंग शॉपमध्ये ज्यांनी काम केलं आहे, त्यांना समजावायला नकोच. लालबुंद लोखंड, अग्नी पुरेपूर, धूर नाही. धूर यायला अग्नीसोबत ओलं जळण लागतं. ते ओलं जळण म्हणजे उपाधी, न सांगितलेली अट.

'थ्रेड वाढवले की वेळ कमी होतो' हे वाक्य तसंच आहे. खरं आहे, पण अटींसह. आकडे वाचायचे म्हणजे या अटी शोधायच्या. त्या मुलाला आम्ही एकच आकडा नको, अख्खी रांग मोजायला सांगितली. ती अशी आली :

१ थ्रेड : २०० मिनिटं
२ थ्रेड : ११० मिनिटं
४ थ्रेड : ६५ मिनिटं
८ थ्रेड : ४६ मिनिटं
१६ थ्रेड : ४० मिनिटं
३२ थ्रेड : ४४ मिनिटं

आठवरून सोळावर गेलो, कारागीर दुप्पट झाले, वाचली सहा मिनिटं. सोळावरून बत्तीसवर गेलो, तर काम चार मिनिटांनी लांबलं. कोटेशनवर ३२ चा आकडा ठळक होता, आणि याच्या कामाला तो नुकसानीचा होता.

असं का होतं? पहिलं उत्तर १९६७ साली जीन ॲमडाल यांनी मांडलेल्या तर्कात आहे. कामाचा काही भाग वाटताच येत नाही. आठ लेथ असतील, पण तपासणीचं टेबल एक असेल, तर सगळ्यांना तिथे रांग लावावी लागते. कामाचा दहावा हिस्सा असा एकट्याने करायचा असेल, तर हजार कारागीर आणलेत तरी दहापटीच्या पुढे जाता येत नाही. आपल्या नाशिक फाट्याचं तसंच : रस्ता कितीही रुंद केला, तरी सगळ्यांना एकाच तोंडातून जायचं असेल, तर गती त्या तोंडाची.

मग आमच्या मुलाचं दुखणं हेच का? तपासायची एक साधी पद्धत ॲलन कार्प आणि होरेस फ्लॅट यांनी १९९० साली दिली. मोजलेल्या वेळेवरून उलट हिशेब करायचा, की न वाटता येणारा हिस्सा किती असायला हवा. आठ थ्रेडसाठी करून बघू. ४६ भागिले २०० म्हणजे ०.२३. आदर्श स्थितीत आठवा हिस्सा, ०.१२५. फरक ०.१०५. त्याला १ उणे ०.१२५, म्हणजे ०.८७५ ने भागा. आलं ०.१२, म्हणजे १२ टक्के.

असं सगळीकडे केलं, तर दोन आणि चार थ्रेडला येतात १० टक्के, आठला १२, सोळाला सुमारे १५, बत्तीसला १९ च्या वर. आता बघा. फक्त तपासणीच्या टेबलाची रांग असती, तर हा हिस्सा सगळीकडे १० च राहिला असता. तो चढतो आहे, याचा अर्थ थ्रेड वाढल्यामुळेच नवीन अडथळा तयार होतो आहे. पहिल्या रोगाचं औषध म्हणजे न वाटलेलं काम वाटून देणं. दुसऱ्यावर त्याचा उपयोग होत नाही.

नवा अडथळा कुठला?

नेहमीचे संशयित तीन.

पहिला, मेमरीचा रस्ता. सोळा लेथ आहेत, पण लोखंडाच्या सळ्या आणणारा टेम्पो एकच. लेथ रिकामे उभे. ओतकामाच्या प्रोग्रॅममध्ये लाखो लहान चौकटींचं तापमान पुन्हा पुन्हा वाचावं लागतं. गणित थोडं, ने-आण फार. तिथे हा संशयित सर्वांत आधी पकडावा.

दुसरा, खोटी भागीदारी. प्रोसेसरजवळ एक छोटी, चपळ मेमरी असते, तिला कॅश म्हणतात. (पैशांशी संबंध नाही, हसू नका.) तिच्यात माहिती एकेक बाइट येत नाही, बहुतेक यंत्रांत ६४ बाइटच्या गठ्ठ्याने येते. समजा आठ कारागीर आपापली वेगळी ओळ लिहितात, पण वही एकच. कुणी दुसऱ्याच्या ओळीला हात लावत नाही, तरी वही हातोहात फिरते आणि बाकीचे ताटकळतात. प्रोग्रॅम वाचला तर चूक दिसत नाही, मोजला की दिसते. उपाय सोपा : प्रत्येकाला वेगळी वही.

तिसरा, कोअर आणि थ्रेड यांची गफलत. हे यंत्र १६ कोअरचं, आणि प्रत्येक कोअर दोन थ्रेड सांभाळतो, म्हणून ३२. पण लेथ १६ च आहेत, प्रत्येकावर दोन कारागीर. एक जण सळीची वाट बघत असेल, तर दुसरा लेथ वापरू शकतो, काही कामांत याचा चांगला फायदा होतो. पण दोघांनाही सळ्या त्याच टेम्पोतून हव्या असतील, तर गर्दी वाढते, काम नाही.

मुलाने तपासलं. त्याच्या प्रोग्रॅममध्ये दुसराही थोडा होता, तो त्याने एका संध्याकाळी दुरुस्त केला. मुख्य आरोपी पहिला निघाला, टेम्पो.

काम तेवढंच ठेवायचं की वाढवायचं?

आता कुणी म्हणेल, मग हजारो कोअरचे महासंगणक बांधतात ते वेडे आहेत का? नाही. १९८८ साली जॉन गुस्टाफसन यांनी सँडिया प्रयोगशाळेतल्या १०२४ प्रोसेसरच्या यंत्रावरच्या अनुभवातून प्रश्नच बदलला. मोठं यंत्र मिळालं की माणूस तेच काम लवकर उरकत नाही, तेवढ्याच वेळात मोठं काम करतो.

याचं उदाहरण पाषाणला आहे. आयआयटीएममध्ये २०१८ साली 'प्रत्यूष' हा महासंगणक आला. त्याच वर्षी जागतिक हवामान अंदाजाची चौकट सुमारे १२ किलोमीटरवर आली. पुढे 'अर्क' आला आणि २०२५ मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टीम' ६ किलोमीटरवर गेली. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात आणि वेळेचे टप्पेही लहान घ्यावे लागतात. म्हणजे ढोबळ मानाने आठपट काम. पाऊस पडून गेल्यावर अंदाज देऊन उपयोग नाही, तेव्हा वेळ ठरलेली, वाढतो तो बारकावा. अशा ठिकाणी 'किती पट लवकर' हा प्रश्नच गैरलागू. मात्र काम वाढवून आकडा दिला असेल, तर तसं स्पष्ट लिहायला हवं. (महासंगणकात बऱ्याच वेगवेगळ्या शेड जाळ्याने जोडलेल्या असतात, आपण आज एका शेडपुरतं बोलतो आहोत, पण भागाकाराचा नियम तोच.)

प्रामाणिकपणे लिहिण्याचाही पुण्याचाच नमुना देतो. टाटा समूहाचा 'एका' हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा आला. त्या जागतिक यादीत प्रत्येक यंत्रापुढे दोन रकाने असतात, कागदोपत्री क्षमता आणि चाचणीत प्रत्यक्ष मोजलेली. 'एका'चा मोजलेला आकडा सुमारे ११८ टेराफ्लॉप होता, कागदोपत्री सुमारे १७१. म्हणजे ६९ टक्के. चौथा क्रमांक मोजलेल्या आकड्यावर मिळाला आणि दुसरा आकडा कुणी झाकला नाही. कोटेशनवर असे दोन रकाने असते, तर आजचं व्याख्यान झालं नसतं.

मग कर्जाचं काय झालं?

आम्ही त्याला शेवटी विचारलं, दिवसाला किती साचे तपासतोस? म्हणाला, चार-पाच प्रकार एकामागून एक. म्हटलं, मग एकामागून एक कशाला? एका कामाला सोळा थ्रेड देण्याऐवजी चार कामांना चार-चार दे.

१६ थ्रेडने चार कामं ओळीने केली, तर १६० मिनिटं. चारही कामं एकदम सोडली, प्रत्येकी चार थ्रेड, तर कागदावर ६५. टेम्पो सामायिक असल्याने प्रत्यक्षात लागली ७८. तरी निम्म्याहून कमी! पण पहिला साचा हाती यायला आता ४० ऐवजी ७८ मिनिटं लागतात, हेही खरं. गिऱ्हाईक समोर बसून वाट बघत असेल तर एक पद्धत, रात्री लावून सकाळी बघायचं असेल तर दुसरी.

बापलेकांनी ते यंत्र घेतलं नाही. कमी कोअरचं, पण मेमरीचा रस्ता रुंद असलेलं यंत्र त्यांनी मागवून मोजलं, आणि कर्ज बरंच लहान झालं. आम्ही काही सल्लागार नव्हे, तुमच्या कामाला उलटं उत्तर येऊ शकेल. मोजून बघा.

श्रोत्यांचे प्रश्न

*आठ थ्रेडला नऊपट वेग आला, असं कधी होतं का? मग मोजणी चुकली समजायचं?*

आधी चुकली समजा आणि पुन्हा मोजा. तरी तेच आलं, तर कारण शोधा. बहुधा असं होतं, की मोठी माहिती आठ भागांत वाटल्यावर प्रत्येक तुकडा जवळच्या चपळ मेमरीत मावतो. म्हणजे कारागीर वाढले आणि शिवाय गोदाम शेजारी आलं.

*थ्रेड लावल्यावर उत्तर शेवटच्या दशांशात बदललं. चालेल का?*

चांगला प्रश्न, खरं तर हा पहिला हवा होता. संगणकात दशांश संख्यांची बेरीज क्रम बदलला की किंचित बदलते, तेवढं मान्य. पण दर वेळी वेगळं उत्तर येत असेल आणि फरक मोठा असेल, तर दोन थ्रेड एकाच आकड्यावर एकदम लिहीत असण्याची दाट शंका घ्यावी. चुकीचं उत्तर लवकर मिळालं, तर साचा लवकर फुकट जातो, एवढंच. आधी उत्तर जुळवा, मग घड्याळ लावा.

*आम्ही संगणकवाले नाही. आम्ही यातून काय घ्यावं?*

कुणी 'इतके पट' म्हटलं, की शांतपणे विचारा : कशाच्या मानाने? पुढच्या वेळी सरासरी या शब्दावर बोलू, तिथेही हाच प्रश्न लागेल. आता थांबतो, लोणावळ्याची गाडी येते आहे आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ती गाठायची आहे.